थंड वारूळ

आठ हजार चारशे बारा क्रमांकाच्या नमुन्याचा अहवाल पडद्यावर आला, तेव्हा शालन शेलार चहाचा कप तोंडाला लावायच्या बेतात होती. अहवाल तिने एकदा वाचला, पुन्हा वाचला आणि चहा तसाच ठेवून ती खिडकीशी जाऊन उभी राहिली.

पुण्यातल्या त्या कवक संस्थेत गेले दहा महिने एकच मोठं काम चाललं होतं. शंभर वर्षांत जमवलेल्या, वाळवून पाकिटांत जपलेल्या अकरा हजार अळंब्या एकेक करून ‘वाचका’ला भरवायच्या. वाचक हे त्या यंत्राचं संस्थेतल्या लोकांनी ठेवलेलं घरगुती नाव. नखाएवढा तुकडा त्याच्या तोंडात ठेवला की वीस मिनिटांत तो त्यातला डीएनए अक्षरन् अक्षर वाचून काढी आणि सांगे, ही अळंबी कुठल्या कुळातली, तिची सख्खी भावंडं कोण, चुलत घराणं कोणतं. छत्रीखालच्या पात्या, देठावरची अंगठी, बीजाणूंचा रंग असं काय काय बघून माणसांनी लावलेली वर्गवारी तो रोज थोडी थोडी मोडत होता. दहा महिन्यांत बाराशे पाकिटांवरची नावं बदलली होती. शालन त्या विभागाची प्रमुख. छत्रीखाली पात्या असणाऱ्या अळंब्यांबद्दल कुणाला काही अडलं, तर फिरून फिरून तिच्याच टेबलाशी यावं लागे. आणि नावं बदलल्याचं तिला कधी वाईट वाटलं नव्हतं. चूक सुधारली की तिला बरंच वाटे.

पण आठ हजार चारशे बारा क्रमांकाचं पाकीट तिचं स्वतःचं होतं. एकविसाव्या वर्षी, बीएस्सीला असताना तिने संस्थेला दिलेला पहिला नमुना. पाकिटावर निळ्या शाईत, तिच्याच अक्षरात लिहिलं होतं : ‘अमानिटा. गाव देवघोल, तालुका पाटण. श्रावण २०१०. प्राणघातक.’

वाचक म्हणत होता, ही अमानिटा नाही.

देवघोलच्या पारूबाई शेलार विधवा. त्यांना दोन मुलं, थोरला जोतिराम आणि सहा वर्षांनी धाकटी शालन. बाप गेल्यावर जोतिरामने दहावीतच शाळा सोडली आणि डोंगरावरच्या पवनचक्क्यांच्या कामाला लागून बहिणीला कराडला कॉलेजात घातलं. अळंबी ओळखण्यात त्या पंचक्रोशीत त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. कुठल्या वारुळावर कधी अळंबी उठणार, हे तो दोन दिवस आधी सांगे. शालनचं पुढचं सगळं शिक्षण एका अर्थी त्याच्या मागे फिरताना झालेलं होतं.

त्या श्रावणात जोतिरामने पहाटे टोपलीभर वारुळाची अळंबी आणली, आईपुढे ठेवली आणि तो कामावर गेला. पारूबाईंनी दुपारी भाजी केली, एकटीनेच खाल्ली. संध्याकाळपासून उलट्या सुरू झाल्या. दुसऱ्या दिवशी बरं वाटलं. अळंबीचं सगळ्यात घातक विष असंच फसवं असतं. ते एक दिवस माणसाला उसंत देतं आणि तेवढ्यात यकृत संपवून टाकतं. पाचव्या दिवशी कराडच्या दवाखान्यात पारूबाई गेल्या. डॉक्टरांनी विषाचं नाव सांगितलं. ते अमानिटाच्या कुळातलं, असं शालनच्या पुस्तकात लिहिलेलं होतं.

दवाखान्याच्या व्हरांड्यात, दहा माणसांसमोर, शालन भावाला म्हणाली, “तुझ्या हातानं मेली आई. सगळ्या गावाला शिकवतोस आणि कुत्र्याची छत्री ओळखता येईना तुला?”

जोतिराम काही बोलला नाही. त्याने आईला अग्नी दिला, तिसऱ्या दिवशी राख सावडली आणि तिथूनच तो निघून गेला. शालनने पोलिसांत कळवलं, वर्तमानपत्रात फोटो दिला, मुंबईतल्या गाववाल्यांना विचारलं. पंढरपूर, निपाणी, गोवा, जिथून म्हणून कुणी कळवलं तिथे ती गेली. एकतीस वर्षं झाली. तो कुठे आहे, आहे की नाही, तिला ठाऊक नव्हतं.

आईच्या टोपलीत राहिलेली एक अळंबी तेव्हा तिने वाळवली, तीच ही. छत्री कागदावर पालथी ठेवून घेतात तो बीजाणूंचा ठसा तिने घेतला नव्हता. अमानिटाच्या पात्या पांढऱ्या, बुडाशी अंड्याच्या टरफलासारखी वाटी. वारुळाच्या अळंबीच्या पात्यांना पिकल्यावर गुलाबी झाक येते आणि तिचा देठ मुळासारखा खोल जाऊन वारुळातल्या बुरशीच्या बागेला मिळतो. ही बाग वाळवीची. वाळवी पालापाचोळा चावून त्यावर बुरशी पिकवते आणि तीच खाऊन जगते. त्या नमुन्याचा देठ जमिनीलगत मोडलेला होता. वाटी होती की मूळ, ते बघायला काही उरलंच नव्हतं. तरी तिने ‘अमानिटा’ लिहिलं. रागात लिहिलं. आणि पुढे पात्यांच्या अळंब्यांची एवढी मोठी जाणकार होऊनही तिने ते पाकीट कधी उघडलं नाही.

तिने तीन वेगळे तुकडे काढून वाचकाला पुन्हा दिले. तिन्ही वेळा तेच उत्तर आलं. कूळ वारुळाच्या अळंबीचंच, पण त्याची वेगळी, आजवर कुणाला माहीत नसलेली शाखा. आणि तिच्या जनुकांत अमानिटाचं विष.

“असं होतं?” शेजारच्या विभागाच्या मेहरुन्निसा इनामदारने विचारलं. दोघी वीस वर्षांच्या मैत्रिणी.

“होतं. क्वचित होतं. विषाची जनुकं एका कुळातून दुसऱ्यात उडी मारून जातात. शेजारणीकडून विरजण मागून आणावं तशी. दूध आपलंच, दही मात्र तिच्या घरच्या चवीचं.”

“आणि बाहेरून फरक?”

“काही नाही. पात्या, वास, रंग, देठ, सगळं खायच्या अळंबीसारखं. मेहरू, मी जरी तिथं असते ना, आजच्या सगळ्या ज्ञानासकट, तरी मीसुद्धा ती तोडून आईला दिली असती.”

मेहरुन्निसा म्हणाली, “म्हणजे तुझ्या भावाची चूक नव्हती.”

शालनने मान हलवली. हे वाक्य बोलायला तिला स्वतःला सकाळपासून जमलं नव्हतं.

आता ते सांगायचं कुणाला?

वाचकाचं आणखी एक काम होतं. डांगपासून तिलारीपर्यंत सह्याद्रीत तीनशे ऐंशी ठिकाणी संस्थेने हवेचे सापळे बसवले होते. एक छोटा पंखा हवा ओढतो, ती कापडाच्या बारीक चाळणीतून जाते आणि हवेतले बीजाणू चाळणीवर अडकतात. दर पंधरा दिवसांनी तिथला माणूस चाळणी काढून पाकिटात घालून पुण्याला पाठवतो. ती वाचकाने वाचली की कुठल्या डोंगरावर कुठली अळंबी उगवली, हे जागेवरून न हलता कळतं. पण हवेत फक्त बीजाणू नसतात. जवळून गेलेल्या माणसाच्या कातडीची धूळ असते, त्याच्या श्वासातले थेंब असतात. वाचक तेही वाचतो. कायद्याने ते कुणी बघायचं नाही. माणसांची ती नोंद आपोआप एका बंद पेटीत जाते. एखादी साथ आली तर आरोग्य खात्याला लागेल म्हणून ती पाच वर्षं ठेवतात आणि मग पुसून टाकतात. त्या पेटीची किल्ली संस्थेत दोघींकडे होती, शालनकडे आणि मेहरुन्निसाकडे.

“तू काय विचार करतेयस ते कळतंय मला,” मेहरुन्निसा म्हणाली. “करू नकोस.”

“माझी थुंकी पुरे आहे. सख्ख्या भावाचं निम्मं माझ्याशी जुळणार. तीनशे ऐंशी ठिकाणांपैकी कुठूनही तो एकदा चालत गेला असेल...”

“शालन, हरवलेला माणूस वेगळा आणि निघून गेलेला वेगळा. जो निघून जातो त्याला सापडायचं नसतं. आज तू भाऊ शोधशील. उद्या एखादा नवरा पळून गेलेल्या बायकोला शोधेल. म्हणून तर ती पेटी बंद आहे. ते नियम लिहिणाऱ्यांत तू होतीस.”

“होते.”

“मी तुला अडवणार नाही. पण किल्ली फिरली की त्याची नोंद राहते, आणि विचारलं तर मी खोटं बोलणार नाही.”

“बोलू नकोस,” शालन म्हणाली.

रविवारी दुपारी संस्थेत कुणी नसताना तिने पेटी उघडली. चाळीस मिनिटं ती खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसून राहिली, शाळेत तपासणीच्या दिवशी बसायची तशी. काही सापडणार नाही, अशी मनाची तयारी तिने करून ठेवली होती. जे सापडलं त्याची मात्र नव्हती.

केंद्र क्रमांक तीनशे सत्तेचाळीस, तिलारीच्या खोऱ्यातली कुडसाळ वाडी. सख्खा भाऊ. आणि एकदा नाही, तर गेल्या तीन वर्षांत दर पंधरा दिवसांनी, प्रत्येक चाळणीवर. इतर कुणाहीपेक्षा दाट.

एवढा दाट ठसा एकाच माणसाचा असू शकतो, हे कळायला तिला क्षणभर वेळ लागला. चाळणी बदलणाऱ्याचा. तिने नोंदवही काढली. केंद्राचा राखणदार : महादेव गावडे, वन खात्याच्या रोपवाटिकेत रोजंदारी.

ती तळमजल्यावरच्या कोठीत गेली आणि तीनशे सत्तेचाळीसची रिकामी पाकिटं काढून जमिनीवर मांडून बसली. बहात्तर पाकिटं. प्रत्येकावर एका कोपऱ्यात पेन्सिलीने तारीख आणि एखादी ओळ. ‘पाऊस बरा.’ ‘धुकं तीन दिवस.’ ‘हवा कोरडी, काजूला मोहोर.’ आणि प्रत्येक पाकिटावर, पोच म्हणून, तिची स्वतःची सही. बहात्तर सह्या. त्या अक्षरातला ‘र’ तिने बहात्तर वेळा पाहिला होता आणि ओळखला नव्हता.

मंगळवारी ती एसटीने दोडामार्गाला उतरली आणि तिथून रिक्षाने कुडसाळला पोहोचली. सप्टेंबरचं कोवळं ऊन होतं. रोपवाटिकेत काळ्या पिशव्यांतल्या रोपांच्या रांगांमध्ये एक माणूस उकिडवा बसून तण काढत होता. केस पांढरे, खांदे अजून तसेच रुंद. तिच्या पावलांच्या आवाजाने त्याने मान वर केली.

तो उठला नाही. हातातलं तण बाजूला ठेवून त्याने हात लुंगीला पुसले. मग आणखी एकदा पुसले.

“आलीस,” तो म्हणाला.

“दादा.”

“हळू बोल. घर इथंच हाय.”

मागच्या मातीच्या घरातून एक बाई डोकावली. जोतिराम घाईने उठला आणि मोठ्याने म्हणाला, “द्रौपदी, पुण्याच्या ऑफिसातल्या मॅडम आल्यात. सापळा बघूक.”

“या मॅडम,” द्रौपदी हसून म्हणाली. “च्या ठेवतंय. जेवल्याशिवाय जाव नकात.”

भाऊ आपल्याला मॅडम म्हणाला हे शालनला लागलं. पण ती त्याच्यामागून टेकाडावर चढली. वर सापळ्याचा पांढरा खांब होता, त्याच्याजवळ एक सपाट कातळ. दोघं कातळावर बसली. तिच्याशी बोलताना त्याच्या तोंडातली मालवणी गळून पडली आणि पाटणची बोली परत आली.

“काजूच्या बागेत कामाला आलो हुतो. नाव इचारलं, तर तोंडातनं महादेव आलं. मग तेच ऱ्हायलं. हिच्या पदरी एक पोरगी हुती, नवरा गेलेला. लगीन केलं. पोरगी आता नर्स हाय पणजीला. बरं चाललंय.”

“आणि हा सापळा? हे काम कसं मिळालं?”

त्याने खाली बघितलं. “वन खात्याचा सायब पाकिटं घिऊन आला. कोण करतं म्हणाला, पैसं काय मिळायचं न्हाईत म्हणाला. कुणी हो म्हणंना. मी सहज पाकीट हातात घेतलं. वर छापलेलं, प्रति, डॉक्टर शालन शेलार.” तो थांबला. “म्हटलं, मी करतो.”

शालनने सापळ्याच्या खांबाकडे पाहिलं.

“पंधरा दिवसांनी एक पाकीट. ते तुझ्या हातात जाणार, एवढं ठावं हुतं. ‘पाऊस बरा’ लिवायचो. आणखी काय लिवणार? तेवढं पुरत हुतं मला.”

तिने पर्समधून अहवाल काढला. घडी उलगडून तो मांडीवर पसरला. एकतीस वर्षं ज्या कागदासाठी ती नकळत काम करत आली होती, तो हा कागद असं तिला वाटलं. तिने सगळं सांगितलं. वाचक, पाकीट, नवी शाखा, उसनं घेतलेलं विरजण. “दादा, तुझी चूक नव्हती. ती वारुळाचीच अळंबी होती. जगातल्या कुठल्याही माणसाला ती ओळखता आली नसती. चुकले ते मी. खोटं नाव लिहिलं.”

जोतिराम लक्ष देऊन ऐकत होता. अहवाल त्याने हातात घेतला, पण वाचला नाही.

“वारुळाचीच हुती हे मला ठावं हुतं,” तो म्हणाला. “मूळ तुटल्याला आवाज येतो. तो आल्याला.”

“मग तेव्हा बोलला का नाहीस?”

“बोलून काय हुतंय? आय तर गेलीच हुती. आणि अळंबी तर मीच आणली हुती.” मग तो म्हणाला, “एक मात्र हाय. त्या साली ते वारूळ थंड हुतं.”

“थंड म्हणजे?”

“जित्त्या वारुळाच्या भोकाशी हात धरला, की ऊब लागती. आतनं दमट वाफ येती, म्हशीच्या नाकासारखी. त्या दिशी न्हवती. वाळवी मेली असंल न्हाईतर उठून गेली असंल. मला जरा येगळं वाटलं, पण अळंबी तर झ्याक आलेली. आणली.”

शालन कातळावरून उठून उभी राहिली. वाचकाने विष सांगितलं होतं, कूळ सांगितलं होतं. पण हे विष एवढी वर्षं कुठे लपून बसतं आणि कधी वर येतं, हे त्याला सांगता आलं नव्हतं. वाळवी आपल्या बागेतलं परकं बी खुडून टाकते, हे तिला माहीत होतं. जिवंत वारुळात ही विषारी शाखा वाळवी उगवूच देत नसणार. वाळवी मेली की बाग बेवारस होते, आणि मग तिला कुणी अडवणारं नसतं. म्हणजे फरक होता. तो अळंबीत नव्हता, वारुळात होता. आणि तो कळायला यंत्र लागत नव्हतं, तळहात पुरत होता.

“दादा, तू आत्ता काय सांगितलंस ते कळलं का तुला? ह्यानं माणसं वाचतील.”

“मग सांग समद्यांला,” तो म्हणाला. त्याला त्याचं फारसं अप्रूप दिसलं नाही. तो अहवालाच्या घडीवर घडी घालत बसला. कागद पार सुपारीएवढा झाला, तेव्हा त्याने तिच्याकडे न बघता विचारलं, “शालन, शेवटाला मला आत येऊ दिलं न्हाई त्यांनी. आय कायतरी बोलली असंल. काय म्हणली?”

खालून भाजीला दिलेल्या फोडणीचा वास येत होता. शालनला वाटलं, इथून उठावं आणि सरळ चालत सुटावं. हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं. मेहरुन्निसालाही नाही.

“आदल्या दिवशी शुद्धीवर होती,” ती म्हणाली. “माझा हात धरला. म्हणाली, ‘जोत्याला काय बोलू नगंस. लई मायेनं आणली हुती त्यानं.’ मी हो म्हटलं. आणि दुसऱ्या दिवशी बाहेर येऊन, सगळ्यांसमोर, मी तुला...”

जोतिराम हलला नाही. त्याच्या तोंडावरचा एकेक स्नायू सुटत गेल्यासारखा झाला, आणि तो लहान पोरासारखा हुंदके देऊन रडायला लागला. शालनने त्याच्या पाठीवर हात ठेवला. मुळं निसटलेल्या झाडासारखी ती पाठ हलत होती.

बऱ्याच वेळाने त्याने लुंगीच्या सोग्याने तोंड पुसलं.

“एवढं सांगायला एकतीस वरसं लागली व्हय गं तुला?” तो म्हणाला. त्यात राग नव्हता. राग असता तर तिला सोपं गेलं असतं.

“घरी चल,” ती म्हणाली.

“न्हाई. आत्ता न्हाई. खाली ती बसलीया, तिला माझं खरं नाव ठावं न्हाई. एकतीस वरसं मी हितं महादेव हाय. महादेवानं कुणाला मारलं न्हाई. ह्यो उतरवून ठेवायला मला येळ लागंल.” त्याने तिच्याकडे पाहिलं. “तू मला हुडकलंस, त्याला माझी हरकत न्हाई. पण कुणाला सांगू नगंस. आणि परत हुडकत येऊ नगंस. यायचं तवा मी यीन.”

द्रौपदीने घावणे आणि काळ्या वाटाण्याची आमटी वाढली. शालन ‘मॅडम’ म्हणून जेवली. दोनदा आमटी मागून घेतली. निघताना द्रौपदीने पिशवीभर कोकम बांधून दिलं.

पुण्याला परत आल्यावर तिने दोन कामं केली. पहिलं, नव्या अळंबीचं शास्त्रीय वर्णन लिहून छापायला दिलं आणि त्यातली एक ओळ साध्या मराठीत वेगळी काढून सह्याद्रीतल्या प्रत्येक ग्रामपंचायतीला पाठवली : ‘अळंबी तोडण्याआधी वारुळाच्या भोकाशी हात धरा. ऊब नसेल, तर तिथली अळंबी घरी नेऊ नका.’ खाली माहिती देणाऱ्याचं नाव नव्हतं. दुसरं, पेटी आपण उघडली, असं तिने स्वतःच लेखी कळवलं.

चौकशी समितीत तिघं होते. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश, बोलायला सौम्य. मेहरुन्निसाची साक्ष झाली. तिने जे घडलं ते सांगितलं. जाताना तिने शालनचा खांदा दाबला.

“डॉक्टर शेलार,” अध्यक्ष म्हणाले, “तुमचं काम आम्हाला माहीत आहे. कायद्यात एक सोय आहे. ज्या व्यक्तीचा तुम्ही शोध घेतलात, तिने इथे येऊन किंवा लिहून संमती दिली, तर हा भंग माफ होतो. त्यांचं नाव आणि केंद्राचा क्रमांक तेवढा सांगा. पुढचं आम्ही बघतो.”

“नाव सांगणार नाही,” शालन म्हणाली.

“म्हणजे ती व्यक्ती सापडली?”

“त्याचंही उत्तर देणार नाही. साहेब, ती पेटी का बंद असावी, हे मला नियम लिहिताना कळलं होतं त्यापेक्षा आता जास्त कळलंय. उघडली ती मी. शिक्षा मला द्या.”

“नोकरी जाईल, शेलार. आठ वर्षं राहिलीत तुमची.”

“हो.”

नोकरी गेली. फेब्रुवारीत ती देवघोलला राहायला आली. जुन्या घरावर तिने नवे पत्रे घातले, परसात मिरच्या लावल्या. गावातल्या बायका पहिल्यांदा बिचकत, मग रोज येऊ लागल्या. श्रावणात अळंबीचे दिवस आले, तेव्हा बायका रानातून येता येता तिच्या दारात थांबून सांगत, “ताई, हात धरून बघितला, गरम हुतं.” एकदा वरच्या आळीतली एक म्हातारी हात हलवत रिकामी परत आली. म्हणाली, “चार वारुळं गरम, पाचवं गार. टोपलीभर उठली हुती बघ त्येच्यावर. न्हाई आणली.” ती गेल्यावर शालन दाराच्या उंबऱ्यावर कितीतरी वेळ बसून राहिली.

भाऊ कुठे आहे हे तिला ठाऊक होतं. तीन गाड्या बदलल्या की एका दिवसात पोहोचता आलं असतं. कुठे आहे हे माहीत नव्हतं, त्या एकतीस वर्षांपेक्षा हे वर्ष तिला जड गेलं. पूर्वी ती त्याला शोधू शकत होती. आता वाट बघण्याशिवाय हातात काही नव्हतं. दारावरून कुणी पुरुष माणूस वाकून बघून गेलं, तरी ती उठून दारात जाई. भाद्रपद लागला. गौरी येऊन गेल्या. कुणी आलं नाही.

नवरात्राच्या आधी पोस्टमनने एक पाकीट आणून दिलं. तिचं नाव, देवघोल, तालुका पाटण. आत रोपवाटिकेच्या पावतीच्या पाठीवर पेन्सिलीने लिहिलेलं :

‘शालन, हापिसातनं नवीन पाकिटं आली. वर दुसऱ्याचं नाव छापलंय. तुझं कुठं गेलं? दोन डाव चाळणी काढली, पाकिटात घालू वाटंना. काय झालं असंल ते मला कळतंय. गावाला गेली असशील म्हणून हे तिकडंच धाडतोय. द्रौपदीला समदं सांगितलं. लई भ्यालो हुतो. ती रागावली न्हाई. म्हणली, जिवंत बहीण असून मॅडम म्हणून जेवू घातलंस? दिवाळीला येऊ का? जोतिराम.’

खाली एक फोन नंबर होता.

सही शालनने पुन्हा पुन्हा वाचली. मग फोन घेऊन ती परसात गेली, मिरच्यांच्या वाफ्याशी उभी राहिली आणि आकडे दाबले. तीनदा घंटी वाजली.

“कोण बोलतां?” पलीकडून बाईचा आवाज आला.

“मी देवघोलहून बोलतेय. जोतिरामची बहीण.”

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला. पदराला हात पुसून घेण्याइतकी शांतता. मग द्रौपदी म्हणाली, “बोला वन्सं.”